चार वर्षांच्या मुलीची परवानगी

बालशिक्षणात पदव्युत्तर पदवी घ्यायचं ठरवलं तेव्हा लहान मुलांना शिकवायला लागून मला बरीच वर्षं झाली होती. "आता आणखी काय शिकणार? मुलं तर तुझ्याकडे छान रमतात," असं घरचे म्हणाले, सहकारीही म्हणाले. मुलं रमत होती हे खरंच. पण दारात उभे राहून पालक विचारायचे, "ताई, हा एकटाच खेळत बसतो, काही काळजी करण्यासारखं आहे का?" आणि मी सांगायचे, "नाही हो, या वयात चालतं." बहुतेक वेळा हे उत्तर बरोबर निघायचं. ते का बरोबर आहे, आणि कोणत्या मुलाच्या बाबतीत ते बरोबर नसेल, हे मात्र मला सांगता यायचं नाही. अनुभवाने हात तयार झाला होता, कारणं हवी होती.

अर्जासोबत एक हेतुपत्र लिहून द्यायचं होतं. लहान मुलांबद्दल प्रेम आहे, हे वाक्य अशा प्रत्येक पत्रात असतं, त्यामुळे निवड करणाऱ्यांना त्यातून काहीच कळत नाही. मी वर्गात रोज दिसणारा एक प्रश्न लिहिला: चार-पाच मुलांचा खेळ रंगात आलेला असताना सहावं मूल येतं तेव्हा नेमकं काय होतं? कुणाला चटकन घेतात, कुणाला नाही, आणि मोठ्यांनी मध्ये पडल्यावर खेळच का मोडतो? मुलाखतीचा बहुतेक वेळ या प्रश्नावर गेला. पुढे प्रबंधही यावरच झाला. म्हणून अर्ज भरणाऱ्यांना मी आग्रहाने सांगते की तुम्हाला खरोखर छळणारा एखादा प्रश्न घेऊन जा. नसेल, तर आधी वर्गात एक वही ठेवा आणि थोडे महिने थांबा.

अभ्यासक्रम निवडताना बाकी गोष्टींपेक्षा मी दोनच गोष्टी पाहिल्या. पहिली, मुलांसोबत प्रत्यक्ष कामाचे तास किती आणि त्यावर देखरेख कोण करतं. दुसरी, अभ्यासक्रमातलं 'बालपण' कधी सुरू होतं. जगभर या विषयाची व्याप्ती जन्मापासून आठव्या वर्षापर्यंत धरली जाते. कागदावर तसं लिहिलेलं असतंही. पण विषयांची यादी नीट वाचली की बऱ्याच ठिकाणी मूल एकदम तिसऱ्या वर्षापासून सुरू होतं आणि पहिली तीन वर्षं एखाद्या प्रकरणात आटोपतात. मला तान्ह्या मुलांबद्दल काहीच माहीत नव्हतं, म्हणून त्यांच्यासोबत काम करायला लावणारा अभ्यासक्रम मी मुद्दाम घेतला.

पहिल्या सत्रात इतिहास होता. परीक्षेपुरता वाचून सोडून देतात असा हा विषय, मला मात्र त्याने धरून ठेवलं. फ्रीडरिश फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिलं. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली, कारण तिथे नास्तिक आणि क्रांतिकारी विचार पेरले जातात असा संशय होता. मारिया मॉन्टेसोरी यांचं पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत उघडलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि मग कोसबाडला काम करताना, मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. हे सगळं सलग वाचताना एक गोष्ट दिसत गेली. प्रत्येक पिढीत कुणीतरी मोठ्यांना सांगत होतं की तुम्ही मुलांबद्दल फार लवकर ठरवून टाकता, जरा थांबा आणि बघा. आणि प्रत्येक पिढीत ते पुन्हा सांगावं लागलं.

मग आला पियाजे, मुलं विचार कसा करतात याचा अभ्यास करणारा स्विस मानसशास्त्रज्ञ. त्याचा प्रयोग शिक्षणशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला पाठ असतो. सारख्या सोंगट्यांच्या दोन समोरासमोर ओळी मांडायच्या. "दोन्हीकडे सारख्याच आहेत का?" मूल म्हणतं, हो. मग मोठा माणूस एका ओळीतल्या सोंगट्या लांब लांब पसरवतो आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतो. चार-पाच वर्षांची बहुतेक मुलं आता म्हणतात, या ओळीत जास्त आहेत. निष्कर्ष असा की मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते, ही समज या वयात आलेली नसते. मी स्वतः हे असंच शिकले होते आणि असंच मानत आले होते.

सत्राच्या मध्यावर आम्हाला १९७४ चा एक शोधनिबंध वाचायला दिला. जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी तोच प्रयोग एक बदल करून केला. सोंगट्या मोठ्या माणसाने पसरवायच्या नाहीत. खोक्यातून एक खट्याळ टेडी बाहेर येतो आणि खेळ बिघडवतो. टेडीने ओळ विस्कटली की बहुतेक मुलं सांगत होती, सारख्याच आहेत! त्याच वर्षी सुझन रोझ आणि मॅरियन ब्लँक यांनी दाखवलं की प्रश्न दोनदा न विचारता, पसरवल्यानंतर एकदाच विचारला तर मुलं कितीतरी चांगली उत्तरं देतात. म्हणजे मूल सोंगट्यांबरोबर समोरच्या माणसाचाही विचार करत होतं. यांनी मुद्दाम ओळ पसरवली, मग तेच परत विचारलं, तेव्हा यांना वेगळं उत्तर हवं असणार!

मी शर्टाची बटणं घेऊन वर्गात हे करून पाहिलं. प्रयोग म्हणून नाही, मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं म्हणून. साडेचार वर्षांच्या एका मुलाला दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याने बटणांकडे बघितलंच नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघत म्हणाला, "मघाशी सांगितलं ते चुकलं का, ताई?" तोवर वाचलेल्या पानांत मला जे सापडलं नव्हतं ते त्या एका वाक्यात मिळालं. आपण वर्गात दिवसभर उत्तर माहीत असलेले प्रश्न विचारत असतो. हा कोणता रंग, हे किती, हा कोण. मूल उत्तर शोधतं आणि त्याच वेळी आपला चेहराही वाचतं.

पियाजेला खोटं पाडल्याच्या आनंदात मात्र मी नाही. टेडीच्या गडबडीत मुलांचं ओळीतल्या बदलाकडे लक्षच जात नसेल, असा आक्षेप पुढे घेतला गेला आणि तो विचार करण्यासारखा आहे. शिवाय मुलाच्या चुकलेल्या उत्तराकडे आदराने बघायला शिकवलं ते पियाजेनेच. आपल्या तीन मुलांच्या तान्हेपणाची त्याने केलेली निरीक्षणं वाचताना त्याचा संयम थक्क करतो. पियाजेसारखाच १८९६ साली जन्मलेला रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉत्स्की क्षयाने ३७ व्या वर्षी गेला. मुलाला एकट्याला काय जमतं आणि कुणाच्या सोबतीने काय जमतं, या दोन्हींमधल्या अंतराचा त्याने मांडलेला विचार आज प्रत्येक बालवाडीच्या भिंतीवर आहे. ज्या माणसाला इतका कमी वेळ मिळाला त्याचं लिखाण सावकाश वाचावं असं मला फार वाटतं. आमच्या वाट्याला ते सारांशातूनच जास्त आलं.

या पदवीने मला सर्वांत जास्त काय दिलं असं विचारलं, तर मी निरीक्षणाच्या तासांचं नाव घेईन. एका तासाला सगळ्यांना तीन-चार मिनिटांची एकच चित्रफीत दाखवली. एक मुलगी वाळूच्या हौदाच्या कडेला उभी आहे, हातात रिकामं भांडं आहे, इतर मुलं आत खेळताहेत. दिसलं ते लिहा, एवढीच सूचना. मग एकेकाने वाचून दाखवलं. कुणी लिहिलं होतं, मुलगी लाजाळू आहे. कुणी, तिला एकटं पाडलंय. कुणी, ती वाळूला घाबरते. कुणी, तिला कंटाळा आलाय. सगळे अनुभवी शिक्षक. मग मॅडमनी फीत पुन्हा लावली आणि म्हणाल्या, "आता फक्त क्रियापदं लिहा. ती काय करते?" उभी राहते. भांडं उजव्या हातातून डाव्या हातात घेते. आतल्या मुलाच्या हातांकडे बघते. त्याने वाळू थापली की हिची बोटं हलतात. एक पाऊल पुढे येते. तिसऱ्यांदा बघितली तेव्हा वर्गात कुणीच 'लाजाळू' हा शब्द वापरायला तयार नव्हतं. ती शिकत होती. हातांनी, लांबून.

मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये मुलांच्या सामाजिक खेळाचे प्रकार मांडले. एकट्याने खेळणं, नुसतं बघत राहणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, मिसळून खेळणं, ठरवून एकत्र खेळणं. या प्रकारांची चढती पायरी बनवून टाकणं सोपं असतं: खालून वर जायचं, वर गेलेलं मूल पुढारलेलं. वर्गात तसं घडत नाही. पाच वर्षांचं मूल ठरवून एकत्र खेळतं आणि दहा मिनिटांनी कोपऱ्यात एकट्याने ठोकळे रचत बसतं, कारण त्याला त्या मनोऱ्यात कुणाची ढवळाढवळ नको असते. दारातल्या त्या पालकांना द्यायचं उत्तर मला इथे मिळालं. नुसतं एकटं खेळणं ही काळजीची खूण नव्हे. एकटं खेळताना मूल रमलंय का, खेळ पुढे सरकतोय का, हवं तेव्हा त्याला दुसऱ्याजवळ जाता येतं का, हे बघायचं. आता पालक विचारतात तेव्हा मी लगेच उत्तर देत नाही. मी म्हणते, "मला थोडे दिवस द्या, मी लिहून ठेवते, मग आपण बसून बोलू."

संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र या विषयांची अनेकांना धास्ती असते. मलाही ते जड गेले. पण ते टाळून ही पदवी घेण्यात अर्थ नाही असं माझं ठाम मत झालं आहे, कारण लहान मुलांच्या नावावर फार मोठे दावे केले जातात. अमेरिकेत मिशिगनमधल्या इप्सिलँटी इथे १९६२ ते १९६७ या काळात झालेला पेरी प्रीस्कूलचा अभ्यास घ्या. बालशिक्षणावर खर्च करावा की नाही, या प्रत्येक चर्चेत तो येतो. मुलं होती एकूण १२३. त्यातली ५८ बालशाळेत गेली, ६५ गेली नाहीत. चाळिशीपर्यंत त्यांचा मागोवा घेतला तेव्हा बालशाळेत गेलेल्यांचं शिक्षण जास्त झालेलं होतं, कमाई जास्त होती, अटका कमी झाल्या होत्या. फार मोलाचा अभ्यास आहे. पण ती ५८ मुलं एका गावातली, अत्यंत गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतली होती आणि शिक्षक दर आठवड्याला त्यांच्या घरी जात होते. घरभेटींचा हा भाग उद्धृत करताना बहुतेक जण गाळतात. मग कोणत्याही बालवाडीत घाला, मूल पुढे जाणारच, असा त्याचा अर्थ लावला जातो. मूळ निबंध वाचायची सवय लागली की असे गाळलेले भाग दिसायला लागतात.

मार्शमॅलोच्या प्रयोगाची गोष्ट तर पालकसभांमध्येही सांगितली जाते. एक गोड वडी समोर ठेवायची. थांबलास तर दोन मिळतील. स्टॅनफर्डच्या बालशाळेत वॉल्टर मिशेल यांनी केलेल्या या प्रयोगावरून, थांबणारी मुलं पुढे आयुष्यात यशस्वी होतात असं सांगितलं गेलं. २०१८ मध्ये टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी बऱ्याच मोठ्या आणि जास्त विविध गटावर तपासलं, तेव्हा हा संबंध पुष्कळ कमी निघाला. घरची परिस्थिती आणि मुलाची आधीची क्षमता हिशेबात धरल्यावर तर तो जवळजवळ उरलाच नाही. मला त्याहून महत्त्वाचा वाटला तो सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१३ चा छोटा प्रयोग. त्यांनी आधी काही मुलांना दिलेला शब्द पाळला, काहींना दिलेला मोडला, आणि मग वडी समोर ठेवली. ज्यांना दिलेला शब्द पाळला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना दिलेला मोडला होता ती ३ मिनिटं. म्हणजे ज्याला आपण मुलाचा संयम म्हणत होतो त्यात समोरच्या मोठ्या माणसाची विश्वासार्हताही मोजली जात होती. "नंतर देते हं" असं मी वर्गात दिवसातून कितीतरी वेळा म्हणते. त्या निबंधानंतर मी दिलेले 'नंतर' लिहून ठेवायला लागले आणि घरी जायच्या आधी ते पुरे करायला लागले.

दुसऱ्या वर्षी पाळणाघरात, एक वर्षाच्या आतल्या मुलांसोबत प्रत्यक्ष काम होतं. तिथे जायच्या आधी आम्ही एमी पिकलर यांच्याबद्दल वाचलं होतं. हंगेरीतल्या या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९४६ मध्ये बुडापेस्टला अनाथ बाळांसाठी गृह उभारलं. त्यांचा आग्रह असा की बाळाला उचलण्याआधी, पुसण्याआधी, कपडे बदलण्याआधी त्याला सांगायचं, आणि त्याच्या उत्तरासाठी थांबायचं. तीन-चार महिन्यांचं बाळ काय उत्तर देणार, असं मनात आलंच. तिथल्या अनुभवी सेविकेने मला दाखवलं. दुपटं बदलायच्या आधी तिने दोन्ही हात पुढे केले, "आता मी तुला उचलते" असं सांगितलं आणि थांबली. बाळाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. अंग किंचित ताठ झालं, मग सैल पडलं. तेव्हा तिने उचललं. या सगळ्याला काही क्षण जास्त लागले असतील. रोज असं झालं की काही आठवड्यांनी बाळ स्वतःहून पाय वर करतं, हात बाहीकडे नेतं. मी ते होताना पाहिलं. जिला आपण बारीकसारीक देखभाल समजतो आणि पटापट उरकतो, त्या कामात बाळाचा दिवसातला सर्वांत मोठा संवाद दडलेला असतो. या वयाला अभ्यासक्रमात एक सत्र पुरं पडत नाही, हे मी अभ्यासमंडळाला लेखी कळवलं आणि आजही तेच म्हणेन.

प्रबंधाचं काम सुरू झालं ते नैतिकता समितीच्या अर्जाने. चालू खेळात नवीन मूल कसं शिरतं, हा विषय. चार-पाच वर्षांच्या मुलांचा मुक्त खेळ चित्रित करायचा. पालकांचं संमतीपत्र घ्यायचं हे माहीत होतंच. मार्गदर्शक मॅडमनी विचारलं, "आणि मुलांची परवानगी कशी घेणार?"

मला वाटलं होतं तेवढा हा सोपा प्रश्न नव्हता. कायद्याने पालकांची सही पुरते. पण मुलांना त्यांच्याशी संबंधित गोष्टींत आपलं मत मांडायचा हक्क आहे, हे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत स्पष्ट आहे, आणि संहितेच्या समितीने २००५ मध्ये खुलासा करून सांगितलं की हा हक्क अगदी लहान मुलांनाही आहे. तर चार वर्षांच्या मुलीला 'संशोधन' म्हणजे काय ते कसं सांगायचं? तिने हो म्हटलं तर ते खरं हो, की ताई विचारतेय म्हणून हो? बटणांचा तो प्रसंग मला पुन्हा आठवला.

शेवटी मी एक छोटी चित्रांची पुस्तिका केली. ही मी, हा माझा कॅमेरा, मी मुलांचा खेळ बघते आणि त्यातून मोठ्यांना सांगते की मुलं कशी खेळतात. तू नको म्हणालीस तर कॅमेरा बंद. शेवटच्या पानावर कॅमेऱ्याची दोन चित्रं, एक चालू, एक पांघरूण घातलेला. मुलांनी हवं त्यावर बोट ठेवायचं, आणि एकदा नव्हे, रोज नव्याने. शिवाय न बोलता दिलेल्या नकाराची यादी मी आधीच लिहून काढली. पाठ फिरवणं, आवाज लहान करणं, खेळ थांबवून कॅमेऱ्याकडे बघत राहणं. यातलं काहीही दिसलं की चित्रण थांबवायचं. समितीने हा भाग सर्वांत जास्त वेळ तपासला, दोन सुधारणा सुचवल्या आणि मंजुरी दिली.

मुलांनी हा अधिकार मनापासून वापरला. एक मुलगी चार दिवस चालू कॅमेऱ्यावर बोट ठेवत होती. पाचव्या दिवशी टेबलाखाली घर-घर रंगात आलेलं असताना ती बाहेर आली, भिंगावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "आता आम्ही खासगी बोलणार आहोत." मी कॅमेरा बंद केला. माझ्या विषयाच्या दृष्टीने तो आठवड्यातला सर्वांत चांगला प्रसंग होता, कारण टेबलाबाहेर एक मुलगा आत यायला धडपडत होता. तो प्रबंधात नाही. पण मॅडमच्या सांगण्यावरून मी नकारांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं. मुलं केव्हा आणि कशी नाही म्हणाली, हे त्यात आहे. माझ्या मते ते सबंध प्रबंधातलं सर्वांत उपयोगी प्रकरण आहे.

चित्रणानंतरचं काम कंटाळवाणं असतं, असं सगळे सांगतात. मला त्यात खरी गोडी लागली. प्रत्येक शब्द, प्रत्येक हालचाल उतरवून काढायची, मग प्रत्येक घटनेला एक खूण द्यायची: बघत उभं राहिलं, विचारलं, तेच काम शेजारी सुरू केलं, वस्तू आणून दिली, नकार, अट, होकार. खुणांचे नियम लिहून काढायचे आणि दुसऱ्या कुणाला तरी तीच फीत स्वतंत्रपणे तपासायला द्यायची. दोघांचं किती जुळतं ते मोजायला जेकब कोहेन यांचं १९६० मधलं कप्पा हे माप वापरतात. योगायोगाने जुळलेला भाग ते वजा करतं. आमचं बाकी सगळीकडे बरं जुळलं. अडलं ते 'नकार' आणि 'अट' या दोन खुणांपाशी. "तू नाही यायचं, बाळ झोपलंय" हा नकार आहे का? माझी सहाध्यायी म्हणाली, उघड आहे, नाहीच म्हणतेय ना ती. मी फीत पुढे नेली. बाहेरचा मुलगा क्षणभर उभा राहिला, मग चवड्यांवर आला आणि कुजबुजत म्हणाला, "मी डॉक्टर आहे, हळू येतो." त्याला घेतलं. ती अट होती. त्याने ती ओळखली होती. आम्हा दोघींना मात्र नियमावली नव्याने लिहावी लागली.

विल्यम कोर्सारो या समाजशास्त्रज्ञाने बालवाड्यांमध्ये जमिनीवर मुलांसोबत बसून वर्षानुवर्षं जे पाहिलं त्याचा अर्थ मला तेव्हा पुरता कळला. त्याचं म्हणणं असं की लहान मुलांचा एकत्र खेळ फार नाजूक असतो, सहज मोडतो, आणि हे मुलांना अनुभवाने माहीत असतं. म्हणून नव्याला अडवताना ती पुष्कळदा खेळ वाचवत असतात. याउलट शिकागोतल्या शिक्षिका व्हिव्हियन पेली यांनी आपल्या वर्गात नियमच केला होता की खेळायला येणाऱ्या कुणालाही नाही म्हणायचं नाही, कारण नाकारली जाणारी मुलं पुन्हा पुन्हा तीच असतात. मी दोघांच्या मध्ये उभी आहे. पेलींनी दिलेलं कारण खरं आहे. माझ्या फितींमध्येही एक मूल असं होतं की ज्याच्या वाट्याला अट कधी आलीच नाही, फक्त नकार आले. तिथे मोठ्यांनी मदत करायलाच हवी. पण बाकीच्या बहुतेक वेळी "सगळ्यांनी मिळून खेळा" असं मोठ्यांनी म्हटलं की पाच मिनिटांत खेळ संपतो आणि आत आलेल्या मुलालाही काही मिळत नाही.

माझे निष्कर्ष साधे आहेत. "मला घ्या ना" असं विचारणाऱ्या मुलांना नाही ऐकायला मिळणं सोपं होतं. जी मुलं आधी थोडा वेळ बघत, मग खेळात बसेल असं काहीतरी करत किंवा घेऊन येत, ती जास्त वेळा आत जात. पूर्वीच्या अभ्यासांतही असंच दिसलं आहे. वाळूच्या हौदाकडेची ती मुलगी मला आता फार वेगळी दिसते. एका वर्गातल्या थोड्या मुलांवरून यापलीकडे काही म्हणू नये, आणि मी म्हटलं नाही.

मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "मग शिक्षकाने करायचं काय? नुसतं बघत बसायचं?" मी सांगितलं की शिक्षकाने खेळाची भाषा वापरून मदत करावी. बाहेर उभ्या असलेल्या मुलाला "जा, विचार त्यांना" असं सांगण्यापेक्षा "त्यांच्या दवाखान्यात औषधं संपलीत वाटतं" असं म्हणावं. बाकी त्याचं तो बघतो. परीक्षक थोडा वेळ यावर बोलले, एका तक्त्यातल्या आकड्यांबद्दल विचारलं आणि मग बाहेर थांबायला सांगितलं.

नोकरी सांभाळून हे करणं थकवणारं होतं. पण वर्ग सोडून पूर्णवेळ शिकायचा पर्याय असता तरी मी घेतला नसता, असं आता वाटतं. रात्री वाचलेलं सकाळी मुलांसमोर तपासता येत होतं आणि मुलांनी उभा केलेला प्रश्न रात्री वाचायला नेता येत होता. निबंध वाचायची रीतही तशीच ठरत गेली. आधी पद्धती वाचायची: किती मुलं, कोणत्या घरांतली, कुणी काय विचारलं, किती वेळा विचारलं. मग निष्कर्ष. या क्रमाने वाचलं की बरेच निष्कर्ष लहान होतात आणि उरलेले पक्के वाटतात.

पदवी मिळाल्यावर आमच्या शाळेत आम्ही शिक्षकांनी एक गोष्ट सुरू केली. पंधरा दिवसांतून एकदा, मुलं गेल्यावर, कुणीतरी आपल्या वर्गातली दोन मिनिटांची फीत आणतं. परवानगीची पुस्तिका सगळ्याच वर्गांत आहे. पहिल्या फेरीला फक्त क्रियापदं सांगायची, दुसऱ्या फेरीला अंदाज, आणि प्रत्येक अंदाजासोबत तो खोटा ठरवणारी गोष्ट कोणती असेल तेही सांगायचं. गेल्या वेळी एका नव्या शिक्षिकेने तिच्या वर्गातल्या चावणाऱ्या मुलाची फीत आणली होती. तासाभराच्या चर्चेनंतर आमच्याकडे तीन अंदाज होते आणि पुढच्या दोन आठवड्यांत काय काय लिहून ठेवायचं याची यादी होती. ती यादी आता तिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे, आणि पुढच्या बैठकीला ती नोंदी घेऊन येणार आहे.